व्याह्यांशी बोलण्यापुरतं जपानी

व्याह्यांशी काय बोलावं याबद्दल माझी मतं फार पूर्वीपासून पक्की आहेत. प्रवास कसा झाला, तब्येत काय म्हणते आणि यंदा उकाडा जरा जास्तच आहे, एवढं बोललं की व्याह्यांचं काम संपतं. पुढचं सगळं बायका बघून घेतात. त्यामुळे परदेशात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने फोनवर आपलं लग्न जाहीर केलं आणि "बाबा, त्याचे वडील जपानी आहेत," असं सांगितलं, तेव्हा मी मुळीच डगमगलो नाही.

"असू देत की," मी म्हणालो. "उकाडा त्यांच्याकडेही असेलच."

"ते बोलत नाहीत, बाबा."

"छान! मितभाषी माणसं मला आवडतात. मी बोलेन."

मग तिने नीट सांगितलं, आणि माझा आवाज आपोआप खाली आला. हे गृहस्थ आयुष्यभर मासळीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांनी बोली पुकारली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दचकायचा म्हणे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. बायको आधीच वारलेली. आता ते लहान मुलांच्या पुसायच्या पाटीवर लिहून बोलतात, आणि लिहितात फक्त जपानीत.

"लिहून होईपर्यंत कुणी थांबत नाही, बाबा," ती म्हणाली. "चार माणसं जेवायला बसली की गप्पा पुढे निघून जातात. मग ते लिहिता लिहिता थांबतात आणि पाटी पुसून टाकतात. कधीकधी मीसुद्धा थांबत नाही हो. नंतर फार वाईट वाटतं. पुढच्या वर्षी ते आपल्याकडे येतील ना, तेव्हा तुमच्याशी तरी त्यांना बोलता यायला हवं. दोन वाक्यं पुरेत."

आता, बापाच्या तोंडाला कुलूप नसतं ही निसर्गाची मोठी चूक आहे. "दोन कशाला?" मी म्हणालो. "ते पाटीवर जे जे लिहितील ते मी वाचेन. वर्षभर आहे हातात."

पलीकडून तिने नाक ओढल्याचा आवाज आला आणि माझ्या लक्षात आलं की हे वाक्य आता परत घेता येणार नाही. स्वयंपाकघरातून आमची ही बाहेर आली. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी फोनवर जपानी अक्षरं शिकवणारं ॲप घ्यायला बसलो. फोन म्हणाला, जागा नाही. तीन दिवस मी फोनची साफसफाई करत होतो. नातेवाइकांनी पाठवलेली सूर्योदयाची छायाचित्रं काढली, फुलांची काढली, सूर्योदयात फुलं असलेली काढली. शेवटी ॲप उतरलं. त्यात एक कासव होतं. अक्षर बरोबर गिरवलं की कासव नाचायचं, चुकलं की मान आत घ्यायचं, आणि दिवसभर अभ्यास केला नाही तर खिशातल्या खिशात हुंदके देऊन रडायचं. या वयात मला माणसांचे रुसवेफुगवे काढायची सवय झाली आहे, पण कासवाचा पहिलाच अनुभव.

आणि मग मी ते पहिलं अक्षर पाहिलं.

एक आडवी रेघ, एक उभी, आणि उभीच्या दोन बाजूंना खाली उतरणाऱ्या दोन तिरप्या. 木. म्हणजे झाड. खरोखरच झाड होतं हो ते! खोड होतं, फांद्या होत्या. मी पान उलटलं. दोन झाडं शेजारी शेजारी, म्हणजे राई. पुन्हा उलटलं. एक झाड वर, दोन खाली, म्हणजे घनदाट जंगल. मी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी झाडासमोर उभं राहून, बाबा रे, तुला चार रेघांत कसा बसवू, असा विचार केला असणार, आणि ते झाड आज माझ्या तळहाताएवढ्या काचेवर उभं होतं. कासव नाचलं. खरं सांगायचं तर मलाही नाचावंसं वाटलं होतं.

त्यानंतर आलं, झाडाला टेकलेला माणूस. अर्थ, विश्रांती. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात हेडक्लार्क आहे. आमच्या खात्याचं इतकं यथार्थ चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं. मी ते साहेबांना दाखवायला निघालो होतो, पण वेळेवर सुबुद्धी झाली.

या अक्षरांचा एक कडक नियम आहे. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे ठरलेलं. अक्षर अगदी हुबेहूब आलं, पण खालची रेघ वरच्या रेघेच्या आधी काढली, की कासवाने मान आत घेतलीच. "अहो, शेवटी दिसतं तर सारखंच ना?" ही म्हणाली. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. पण कासवापुढे शहाणपण चालत नाही. म्हणून मी जाता येता, जिथे सापडेल तिथे, बोटाने रेघा गिरवायला लागलो.

घरी मला वेळ मिळत नाही, कारण घरी मी असतो हे सगळ्यांना माहीत असतं. अभ्यासाची खरी जागा म्हणजे बस. पण उभ्याने एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात दांडा, तर गिरवणार कशाने? मग मी युक्ती काढली. अक्षर बघायचं, फोन खिशात टाकायचा आणि मोकळ्या बोटाने समोर जे असेल त्यावर गिरवायचं. समोर एका भल्या दांडग्या गृहस्थाची पाठ होती. जंगलाचं तिसरं झाड मी नुकतंच लावायला घेतलं होतं, तेवढ्यात पाठ वळली.

"काय हो, काय चाललंय?"

"माफ करा. लिहीत होतो."

"माझ्या पाठीवर? काय लिहीत होतात?"

"जंगल," मी म्हणालो. अडचणीच्या वेळी खरं बोलायची मला वाईट खोड आहे.

ते गृहस्थ मागे सरकले. त्यांच्यामागचेही सरकले. त्या दिवसापासून त्या बसमध्ये मला बसायला जागा मिळू लागली. विद्येचा प्रत्यक्ष फायदा मला तेवढाच एक काय तो झाला होता.

सलूनमध्ये निराळीच तऱ्हा. गळ्याभोवती चादर, गालाला साबण, आणि चादरीखाली माझं बोट आपलं काम करत होतं. कारागिराने वस्तरा बाजूला ठेवला. "साहेब, हात कधीपासून थरथरतोय?" मी सांगितलं, थरथरत नाही, अभ्यास करतोय. त्याने समजूतदारपणे मान हलवली. मी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती आणि हिने डॉक्टरांची वेळ घेतली होती. डॉक्टर म्हणाले, बोटं पुढे करा. बोटं पुढे केल्यावर मला मोह आवरला नाही आणि मी त्यांच्यासमोर हवेत 'डोळा' काढला. त्यांनी हिला बाहेर नेऊन बराच वेळ समजावलं. त्यांनी काय सांगितलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही, पण त्यानंतर महिनाभर माझ्या जेवणातलं मीठ गायब होतं.

आमच्या इमारतीची सभा हा तसा डुलकी काढण्याचा कार्यक्रम. मी तो वेळ सत्कारणी लावत होतो. 'पाऊस' हे अक्षर मला फार आवडतं. वर आभाळाची रेघ, खाली खिडकीसारखी चौकट आणि तिच्यात टपटप चार थेंब. काच ओली झाल्यासारखी वाटते. मी आभाळाची रेघ काढायला बोट उंच नेलं, त्याच क्षणी सचिवांनी विचारलं होतं, "तर टाकी सफाई समितीचं अध्यक्षपद स्वखुशीने कोण घेतंय?" टाळ्यांनी मी भानावर आलो. वीस वर्षांत या पदासाठी हात वर झालेला नव्हता, त्यामुळे लोक गहिवरले होते. खाली करायला उशीर झालेला हात मी तसाच हलवून सर्वांचे आभार मानले. पुढच्या रविवारी मी गच्चीवरच्या टाकीत झाडू घेऊन उभा होतो.

पण माझी प्रतिष्ठा खऱ्या अर्थाने बुडाली ती कार्यालयात. एक तक्रारदार आले. आठवडाभर नळाला थेंब नाही, म्हणून ते तावातावाने सांगत होते. मी सहानुभूतीने ऐकत होतो. खरंच ऐकत होतो. पण ते 'पाणी, पाणी' म्हणत होते आणि मी आदल्या दिवशीच पाणी शिकलो होतो. मधून वाहणारी एक धार आणि दोन्हीकडे उडणारे तुषार. काय अक्षर आहे! माझं बोट केव्हा उठलं मलाच कळलं नाही. तक्रारदारांच्या नाकासमोर मी हवेत पाणी काढलं आणि समाधानाने म्हणालो, "हे पाणी."

त्यांनी सरळ साहेबांची खोली गाठली. "मी पाणी मागितलं," ते म्हणाले, "तर तुमच्या माणसाने हवेत बोट फिरवून, हे घ्या म्हणून सांगितलं!"

दुसऱ्या दिवशी फलकावर परिपत्रक लागलं. 'कार्यालयीन वेळेत कर्मचाऱ्यांनी हवेत कोणत्याही भाषेतील अक्षरे काढू नयेत. अत्यावश्यक असल्यास विभागप्रमुखांची पूर्वपरवानगी घ्यावी.' मी नियमाने चालणारा माणूस. परवानगीचा अर्ज केला. तो शेरा मारून परत आला, 'कोणती अक्षरे, ते नमूद करावे.' मी अक्षरं काढून दाखवली. अर्ज पुन्हा परत आला, 'सदर मजकूर वाचता येत नाही.' माझा नाइलाज झाला. दुपारच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून गिरवायचो. येणारे जाणारे माझ्याकडे बघून पावलांचा आवाज कमी करत.

याच सुमारास मलाविचारा मदतीला धावले. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ कुठलाही विषय निघाला की "मला विचारा" म्हणतात, म्हणून अख्ख्या इमारतीत त्यांना हेच नाव पडलं आहे. कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

"लेकरू बोलायला कसं शिकतं? मला विचारा," ते म्हणाले. "त्याच्यापुढे दुसरी भाषाच नसते! तुमचा फोनच जपानी करून टाका. मग जाताय कुठे?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी फोन घेऊन दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या. फोन क्षणभर विचारात पडला आणि नखशिखांत जपानी झाला.

पहिला आनंद ओसरल्यावर मी म्हणालो, "आणि परत मराठी कसा करायचा?"

"सोपं आहे," मलाविचारा म्हणाले. त्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग घड्याळ बघितलं. "अरे, माझं दूध उतू जाईल," असं म्हणून ते गेले.

त्याच दुपारी शहरात मोठी जलवाहिनी फुटली. साहेबांनी घटनास्थळाचा पत्ता मागितला. मी फोनवर शोध शोध शोधलं, जे बरं वाटलं ते दाबलं, आणि साहेबांना ढसाढसा रडणारं एक कासव गेलं. त्यांचा तातडीने फोन आला. "मुख्य रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे," ते अतिशय संथ आवाजात म्हणाले. "अशा वेळी रडणारं कासव पाठवण्यामागे आपला हेतू काय?" मी म्हणालो, "सहवेदना, साहेब."

संध्याकाळी फोन दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकानदाराने फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "रीसेट मारू. पण सगळं जाईल."

"सगळं म्हणजे?"

"फोटो, नंबर, हे कासव, सगळं."

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. दुकानाबाहेर उभा राहून, येताना मागून आणलेल्या हिच्या फोनवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. फार गोड बोलणारी बाई होती. "सर, सेटिंग्जमध्ये जा."

"कुठे आहे ते?"

"जिथे सेटिंग्ज लिहिलंय तिथे, सर."

"ते जपानीत लिहिलंय."

"मग आधी भाषा बदला, सर."

"बाई, तीच तर बदलायची आहे."

"त्यासाठी सेटिंग्जमध्ये जा, सर."

मी हात टेकले आणि बस थांब्याच्या बाकावर जाऊन बसलो. समोर त्या काचेवर काळ्या मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. एक रांग वाचता येत नव्हती, दुसरी येत नव्हती. मी नुसतं बोट फिरवत खाली खाली जात होतो. आणि एका ओळीवर बोट थांबलं. इथे एक तोंड होतं. चौकोनी, उघडं तोंड, आणि त्यातून वाफेसारख्या वर निघालेल्या रेघा. हे मला माहीत होतं! बोलणं. आणि त्याच्या शेजारच्या अक्षरात डावीकडे पुन्हा तेच. तोंड आणि बोलणं. एका ओळीत दोनदा बोलणं. मग ही भाषाच असणार, दुसरं काय असणार? मी दाबलं.

भाषांची भली मोठी यादी उघडली आणि तिच्यात एका जागी, गर्दीत आपलं माणूस दिसावं तसं, 'मराठी' लिहिलेलं होतं.

मी कितीतरी वेळ बघत राहिलो. मी वाचलं होतं. ज्या लिपीत मला आईने कधी पाटी गिरवून दिली नाही, मास्तरांनी छडी मारली नाही, त्या लिपीतली एक ओळ मी, एका हेडक्लार्कने, बस थांब्यावर बसून, कुणाच्याही मदतीशिवाय वाचली होती. माझे डोळे भरून आले. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही आजी, वाचता आलं." त्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

मी 'मराठी' दाबलं नाही. फोन तसाच ठेवला. हिने कपाळाला हात लावला. "माझा फोन आला की उचला म्हणजे झालं," एवढंच म्हणाली.

वर्ष सरलं आणि ते आले. मुलगी, होणारे जावई आणि व्याही. रुंद छातीचे, पांढऱ्या भुवयांचे, दारात उभे राहिले की दार भरून जावं असे गृहस्थ. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, मीही केला. सगळे दिवाणखान्यात बसले. मलाविचाराही कुणी न विचारता येऊन बसले होते. व्याह्यांनी पिशवीतून पाटी काढली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात पडदा उघडायच्या आधी ती अशीच मला गर्दीत शोधायची. मी तिला नजरेनेच सांगितलं, काळजी करू नकोस.

व्याह्यांनी सरसर लिहिलं आणि पाटी माझ्यापुढे धरली.

मला एक अक्षर वाचता येईना. एकही नाही! ॲपमधली अक्षरं छापील होती, इस्त्री करून घडी घातलेली. इथे पाटीवरची अक्षरं धावत होती. एक दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून चालली होती, तिसऱ्याने चौथ्याची शेपटी धरली होती. झाड कुठे, तोंड कुठे, पाऊस कुठे, काही कळायला मार्ग नाही. आणि हा मूर्खपणा केवढा होता ते मला तिथे बसल्या जागी समजलं. वर्षभर मी छापील अक्षरांच्या मागे लागलो होतो आणि ज्या माणसासाठी लागलो होतो, तो हाताने लिहिणार होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"थांबा, थांबा. कॅमेऱ्याने भाषांतर होतं. मला विचारा," म्हणून मलाविचारांनी फोन पाटीवर धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'आपल्या घोड्याचे दात ओले आहेत.'"

होणारे जावई मुलीकडून शिकलेल्या मराठीत घाईघाईने सांगायला लागले, की वडील म्हणतायत, घर छान आहे, झाडाची सावली येते. त्यांचं सांगून होईतो हिने सरबत आणलं, कुणीतरी प्रवासाचं विचारलं, मी नाइलाजाने उकाड्यावर आलो आणि गप्पा सुरू झाल्या. व्याह्यांनी पाटीवर दुसरी ओळ सुरू केली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, हसले आणि पाटी पुसून टाकली. रागाने नाही. रोजचं काम असल्यासारखी. मुलगी खाली मान घालून सरबत ढवळत होती. त्यात ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला त्या क्षणी टाकीत उतरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं.

जेवणं झाल्यावर ही, मुलगी आणि जावई लग्नाचा हॉल बघायला गेले. मलाविचारांनाही बरोबर नेलं, ही त्यांची माझ्यावर मेहेरबानी. घरात आम्ही दोघेच. एका कोचावर शेजारी शेजारी, मधे पाटी. मी खिडकीबाहेर बघत होतो, तेही बघत होते. पाटीला कुणी हात लावत नव्हतं. लाज वाटून वाटून मी दमलो होतो.

सहज माझी नजर त्यांच्या गुडघ्याकडे गेली. त्यांचं बोट हलत होतं. स्वतःशीच, रिकामपणी, माझं बसमध्ये हलायचं तसं. आडवी रेघ. उभी. मग डावीकडे तिरपी, उजवीकडे तिरपी.

मी ताडकन सरळ झालो. "झाड!" मी ओरडलो, आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट केलं.

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग, अगदी सावकाश, मुद्दाम परीक्षा घ्यावी तसं, गुडघ्यावर दुसरं अक्षर काढलं. वर आभाळ, खाली चौकट, आत चार थेंब. मी हवेत हात करून बोटांनी पाऊस पाडला. त्यांच्या भुवया कपाळात गेल्या. मला काय होतंय तेच कळत नव्हतं. लिहून झालेलं अक्षर मला परकं होतं, पण लिहिणारा हात मला ओळखीचा होता! कुठून निघाला, कुठे वळणार, आता कुठली रेघ येणार, हे माझ्या बोटाला माझ्या आधी कळत होतं. एवढ्या लांबच्या मुलखात, लहानपणी कुठल्याशा शाळेत या माणसाने ज्या क्रमाने रेघा गिरवल्या, त्याच क्रमाने मी जिन्यात भिंतीकडे तोंड करून गिरवल्या होत्या. आमचे दोघांचे हात एकाच वाटेने चालत होते.

व्याह्यांनी माझा हात ओढला, पालथा होता तो उताणा केला आणि तळहातावर लिहायला सुरुवात केली.

आणि मग जे सुटले म्हणता! मला वाटलं होतं, दोन वाक्यं. हा माणूस मासळीबाजारात लिलाव पुकारणारा. वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं माझ्या तळहातावर उतरायला लागलं. मासा. मोठा. मोठा म्हणजे केवढा, ते हात पसरून दाखवलं. मालक. पाणी. मग कुणीतरी पडलं, हे उठून स्वतः घसरून दाखवलं. मला तिसरा हिस्सा कळत होता, बाकीचा मी चेहऱ्यावरून भरून काढत होतो. चुकीच्या जागी हसलो की ते माझा हात झटकायचे आणि तेवढं पुन्हा लिहायचे. मधे मी उकाड्याबद्दल काही सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट उभं करून मला गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बोलूच देत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मासा शेवटी मालकाच्या अंगावर पडला तेव्हा ते हसायला लागले. आवाज नाही, नुसते रुंद खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही हसत होतो. दोघांनी मिळून कोच हलवून सोडला.

दारात मंडळी कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नाही. ही पुढे यायला निघाली तर मुलीने तिचा हात धरला.

"काय करतायत हे?" हिने हळूच विचारलं.

"बोलतायत," जावई म्हणाले. "बाबा ती माशाची गोष्ट सांगतायत. ऑपरेशननंतर कधी सांगितली नव्हती."

मुलगी उंबऱ्यावरच खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून आमच्याकडे बघत राहिली.

व्याह्यांनी डोळे पुसले. माझा हात सोडला आणि स्वतःचा उजवा तळहात उताणा करून माझ्यापुढे ठेवला. आता तुम्ही, असा त्याचा अर्थ. केवढा थोरला हात! माशांची ओझी उचलून उचलून राठ झालेला. एरवी मला शब्द शोधावे लागत नाहीत, पण त्या हातावर काय लिहावं, मला सुचेना. उकाडा मला शिकवलाच नव्हता कासवाने. मी उंबऱ्याकडे पाहिलं. मग बोट टेकवलं आणि सावकाश, एकेक रेघ नीट मोजून, एकच अक्षर काढलं. डावीकडे बाई. उजवीकडे, जे जे चांगलं ते. दोन्ही मिळून, लेक.

ते तळहाताकडे बघत राहिले. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी एकेक बोट मिटलं आणि मूठ घट्ट करून छातीशी धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला पुढे काही बघता आलं नाही, कारण माझा चष्मा आतून ओला झाला होता.

"अहो, काय लिहिलंत त्यांच्या हातावर?" हिने विचारलं. मी मान हलवली. सांगता येण्याजोगं नव्हतं. ती डोळे टिपत आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. व्याह्यांनी मूठ उघडली नाही. त्यांनी कप डाव्या हाताने घेतला.